कारणाचा रकाना

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या नरसिंगरावांच्या कारखान्यात पोलादी कपाट उघडलं, तेव्हा आत सात नळ्यांच्या जागी सहा होत्या. सुपरवायझर सुनीलकुमारनं त्या पुन्हा मोजल्या. मग नरसिंगरावांनी मोजल्या. मग मेघाश्रीनं मोजल्या, कारण ती एम.एस्सी. होती. तरी सहाच भरल्या. चार नंबरची नळी गेली होती.

बाहेरच्या जगाला हा कारखाना टॉवेल-रॉडसाठी ठाऊक होता. बंगळूरच्या निम्म्या न्हाणीघरांत लोक तोंड पुसतात ते नरसिंगरावांनी क्रोमचा मुलामा दिलेल्या दांडीवर वाळवलेल्या टॉवेलानं. पण गेल्या आठ महिन्यांपासून कारखान्याच्या एका कोपऱ्यात, पडद्याआड, वेगळंच काम चाललं होतं.

अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या नुसत्या ओतत नाहीत. त्या एका खास धातूच्या नळीत भरून तिची दोन्ही तोंडं बंद करतात. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, आणि भिंत म्हणाल तर दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत तेवढी. धातूचं नाव झिर्कोनियम. ही नळी सणसणीत तापलेल्या पाण्यात वर्षानुवर्षं उभी राहते आणि ते पाणी तिला बाहेरून हळूहळू खातं. तिच्यावर क्रोमचं पातळ कवच चढवलं तर ती जास्त टिकेल का, असा प्रश्न मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेला पडला होता. परदेशी सहकार्यवाल्या दोन बड्या कारखान्यांनी प्रयत्न केला, तर त्यांचं कवच कांद्याच्या सालीसारखं सुटून आलं. नरसिंगरावांचं सुटलं नाही. हे का, ते खुद्द नरसिंगरावांनाही नीट सांगता येत नसे, ते फक्त कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणत, "आमचा वेणुगोपाल आहे."

प्रयोगशाळेनं आठ नळ्या पाठवल्या होत्या. एक पहिल्या प्रयोगात खर्ची पडली, तिचे तुकडेसुद्धा पाकिटात घालून परत केले होते. उरलेल्या सात न्यायला शंतनु नावाचा पुण्याचा इंजिनिअर दुपारी चारला येणार होता. हा सरकारी माल होता, आणि तोही अणुखात्याचा. एक नळी कमी म्हणजे पोलीस, चौकशी, आणि फायलीत कायमचं एक वाक्य की छोट्या कारखान्यांवर विसंबता येत नाही. पीण्यातले बाकीचे साडेतीन हजार कारखाने ते वाक्य आपल्यालाही भोगायला लागेल म्हणून नरसिंगरावांना जन्मभर क्षमा करणार नव्हते.

नरसिंगरावांनी फोन उचलला. पोलिसांना नव्हे, भावोजींना.

२

भावोजी म्हणजे श्रीरंगराव. विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. तपासनीस म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या वस्तूत खोट काढायचा पगार घेणारा माणूस. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काम थांबलं नाही. मल्लेश्वरमच्या बाजारात त्यांना पाहिलं की भाजीवाल्या वांगी झाकून ठेवत. भाचीची सहा स्थळं त्यांनी नापास केली होती आणि सातवं पास केलं तेव्हा तिनं मागं वळून न पाहता होकार दिला होता. आपल्या सहीनं आकाशात गेलेला एकही भाग कधी खाली पडला नाही, हे ते दर चार वाक्यांनंतर सांगत, आणि ते खरं होतं म्हणून कुणाला काही बोलता येत नसे.

रिक्षातून उतरताना त्यांनी फाटक पाहिलं. सत्त्याण्णव सालचा दसरा होऊन तीन दिवस झाले होते. केळीचे खुंट सुकले होते, फाटकाला बांधलेल्या लिंबांची माळ अजून पिवळीधमक होती आणि रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याचा लाल डाग ट्रकांनी चांगला रुंद केला होता.

त्या डागाकडे त्यांनी थोडं मालकीच्या नजरेनं पाहिलं. शुक्रवारच्या आयुधपूजेचे मानकरी तेच होते. नरसिंगरावांनी तबक त्यांच्या हाती दिलं ते शेवटपर्यंत त्यांच्याच हाती राहिलं. कुंकू होतं तेवढं सुरुवातीलाच कोहळ्यात भरलं गेलं, म्हणून उरलेल्या सगळ्यांना त्यांनी नुसती हळद लावली. पण लावली ती सढळ हातानं. विजेची पेटी, पंप, हौद, हौदावरचा आडवा दांडा, दांड्याला लटकत होतं ते, टाइपरायटर, टेलिफोन. श्रीरंगराव कुठलंही काम अर्धवट करत नसत.

"भावोजी, चार वाजेपर्यंत," नरसिंगराव म्हणाले. त्यांचा आवाज चुकीच्या पट्टीत लागला होता.

"कपाटाचं कुलूप?"

"शाबूत."

"मग चोर घरचा आहे," श्रीरंगराव म्हणाले आणि खिशातली स्टीलची सहा इंची पट्टी काढून हातात धरली. तिचा उपयोग काही नव्हता. पण ती हातात असली की समोरचा माणूस खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव होता.

३

सुनीलकुमारला आधी बोलावलं. किल्ली त्याच्याकडे असे. दुसरी किल्ली राघवेंद्र स्वामींच्या तसबिरीमागे असते आणि ते गुपित आहे, असं त्यानं सांगितलं. ते किती जणांना ठाऊक आहे, असं विचारल्यावर त्यानं थोडा हिशेब केला आणि सगळ्यांनाच, असं कबूल केलं. सोमवारी तो दोन तास लवकर गेला होता. कुठं, हे काढायला पट्टी दोनदा टेबलावर आपटावी लागली. बनशंकरीला एका दुसऱ्या कारखानदाराच्या घरी, नोकरीच्या मुलाखतीला.

"नळी दाखवायला नेली होती?"

"देवाशपथ नाही. आणि नेली असती तर नोकरी मिळाली असती, सर," सुनीलकुमार म्हणाला. श्रीरंगरावांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला.

मेघाश्री वेगळ्या जातीची निघाली. तिनं आपण होऊन वही पुढे केली. सातही नळ्यांची जाडी तिनं यंत्रावर मोजली होती, चिकटपट्टी लावून ओढून पाहिली होती, भिंगाखाली घातली होती. सातही पास. आणि सगळ्यांत सुंदर चार नंबर. आरशासारखी. तिचं एक वेढं कापून आपल्या प्रबंधासाठी ठेवावं असं तिच्या मनात होतं, तसं तिनं विचारलंही होतं.

"मग?"

"वेणुगोपाल अण्णा म्हणाले, ती नळी कापायची नाही, मोजायची नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सर, ते असं कधीच बोलत नाहीत. मला खूप लागलं."

श्रीरंगरावांच्या कपाळावर आठी आली. सहा नळ्या हाताशी असताना चोरानं नेमकी चौथी उचलली होती. ती मधल्या कप्प्यात, दोन नळ्यांच्या खाली होती. तिचं रूप ओळखणारा माणूसच तिथवर हात घालणार.

वेणुगोपाल हौदापाशी उभा होता. अठ्ठावन्न वर्षांचा, शिडशिडीत, रबरी एप्रन घातलेला. नरसिंगरावांकडे येण्याआधी, बावीस वर्षांपूर्वी, तो श्रीरंगरावांच्या सरकारी कारखान्यात मुलामा द्यायच्या खात्यात लागला, तेव्हा श्रीरंगरावांनी त्याचं पहिलं काम सोळा वेळा परत पाठवलं होतं. सतराव्यांदा पास केलं आणि आयुष्यात एकदाच, कुणी बघत नाही असं पाहून, त्याच्या पाठीवर थाप मारली. वेणुगोपालचं मराठी श्रीरंगरावांच्या शिव्यांवर पोसलेलं होतं, म्हणून ते फार शुद्ध होतं. एप्रनच्या खिशात सुती हातमोजे नसतील तर तो स्वतःच्या मुलालाही हात लावणार नाही, असं खात्यात म्हणत.

श्रीरंगरावांनी त्याला पाच प्रश्न विचारले. त्यानं पाचही वेळा त्यांच्या चपलांकडे पाहिलं.

"वेणू, वर बघ. नळी तू घेतलीस?"

वेणुगोपालनं पंप बंद केला.

"इथं चोरी झालेली नाही, सार," वेणुगोपाल म्हणाला. "मला याहून जास्त बोलायला लावू नका. तुम्ही तर नकोच."

४

तुम्ही तर नकोच. हे शेवटचे शब्द श्रीरंगरावांना चपलेतल्या खड्यासारखे टोचत राहिले. नरसिंगराव तर हादरलेच. वेणुगोपालच चोर असेल, तर नळी सापडूनही उपयोग नव्हता. कारण कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणायला उद्या कुणी उरलं नसतं. सुनीलकुमारनं हलक्या आवाजात पोलिसांचं नाव काढलं. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला असा कर्तव्याचा उमाळा येतोच.

श्रीरंगरावांनी साडेतीन वाजेपर्यंतची मुदत मागितली आणि आयुष्यभर केलं तेच केलं. ते कचऱ्याच्या पिंपापाशी गेले. माणूस काय बनवतो ते सगळेच बघतात. तो काय टाकून देतो ते फक्त तपासनीस बघतो.

पिंपात शुक्रवारपासूनच्या चिंध्या होत्या. त्यांत एका पांढऱ्या सुती फडक्यावर तांबडालाल डाग होता, बोटभर रुंद, पुसल्यासारखा.

"रक्त," सुनीलकुमार म्हणाला.

"कुंकू असेल," नरसिंगराव म्हणाले. "पूजेचं."

श्रीरंगरावांनी फडकं चिमटीत धरलं. ते वाळून कडक झालं होतं आणि ओलं बोट लावलं की साबणासारखं बुळबुळीत लागत होतं. रक्त चार दिवसांनी काळं पडतं. आणि कुंकू तर त्या दिवशी कोहळ्यात संपलं होतं, ते त्यांनीच संपवलं होतं. ते फाटकाशी गेले, माळेतलं एक लिंबू तोडलं, पट्टीच्या कडेनं कापलं आणि डागावर पिळलं.

लाल डाग सगळ्यांच्या देखत पिवळा झाला.

"हळद," मेघाश्री म्हणाली. "सोड्याच्या पाण्यानं लाल झालेली."

शाळेत हे सगळ्यांनीच केलं होतं. पण सोड्याचं पाणी या कारखान्यात एकाच कामाला वापरत. मुलामा द्यायच्या वस्तूवरचा तेलकटपणा काढायला. कुणी टेलिफोन सोड्यानं पुसत नाही, पंपही नाही. म्हणजे ज्या वस्तूला लवकरच मुलामा द्यायचा होता तिलाच हळद लागली होती, आणि ती कुणीतरी घाईनं पुसली होती.

"कामाचं रजिस्टर आणा," श्रीरंगराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पट्टी त्यांनी खिशात ठेवली होती.

५

रजिस्टर मेघाश्रीच्या अक्षरात होतं. झिर्कोनियमचं वैशिष्ट्य असं की आम्लानं त्याचा पृष्ठभाग तयार केला की तो जणू सोललेला असतो; लगेच हौदात सोडला नाही, कशाचा स्पर्श झाला, तर वरचा मुलामा दिसायला छान बसतो पण आतून धरत नाही. म्हणून प्रत्येक नळीपुढे दोन वेळा लिहिलेल्या होत्या. तयार झाल्याची आणि हौदात गेल्याची. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात यांच्यात दोन दोन मिनिटांचं अंतर. चार नंबर सगळ्यांत शेवटी घेतलेली, कारण तिची पहिली तयारी वेणुगोपालला पसंत नव्हती म्हणून त्यानं ती दुसऱ्यांदा आम्लातून काढली होती.

चार नंबर. शुक्रवार. तयार, दहा पन्नास. हौदात, बारा पाच.

"सव्वा तास? का?"

"पूजा, सर," मेघाश्री म्हणाली. "तुम्ही सव्वाअकराऐवजी पावणेअकरालाच आलात. वीज बंद करायला लागली. अण्णा नळीवर शुद्ध पाणी शिंपडत उभे होते, पण मालकांनी त्यांना कोहळा फोडायला फाटकावर पाठवलं. ते सगळ्यांत वडील ना."

नरसिंगराव मान डोलावत होते. मुहूर्तावर सातवी नळी झालीच पाहिजे, असा हट्ट त्यांचाच होता, हेही त्यांनी आता सांगून टाकलं. तिसऱ्यांदा आम्लात घातली असती तर नळीची भिंत ठरल्यापेक्षा पातळ झाली असती, म्हणून वेणुगोपालला ती नुसती पुसूनच घ्यावी लागली असणार.

"पण हळद लावली कुणी तिला?" सुनीलकुमारनं विचारलं.

श्रीरंगराव भिंतीकडे बघत होते. हौद, हौदावरचा आडवा दांडा, दांड्याला लटकत होतं ते. ओलं, करडं, मुळीच न चमकणारं असं काहीतरी होतं खरं. त्यांनी अंगठा भरून हळद घेतली होती आणि अगदी मनापासून टेकवली होती. तबक दुसऱ्या कुणाच्या हातात गेलंच नव्हतं.

चौतीस वर्षांत हातमोज्याशिवाय त्यांनी एका खिळ्यालाही हात लावला नव्हता. पण त्या दिवशी ते तपासनीस नव्हते, मानकरी होते.

बाहेर मोटारीचं दार वाजलं. शंतनु अर्धा तास आधीच आला होता.

६

नरसिंगरावांचा चेहरा पडला. श्रीरंगराव मात्र उठले आणि कुणाशी न बोलता कारखान्याच्या मागच्या भिंतीकडे चालू लागले. तिथं लाल रंगाचा रॅक होता. वर कन्नड, इंग्रजी आणि मराठीत 'नापास' असं लिहिलेलं. खोट निघालेले टॉवेल-रॉड त्यावर पडून असत. तिकडे कुणी बघत नसे. आपल्या नापास मालाकडे कोण अभिमानानं बघतो? सगळे त्यांच्यामागून गेले. शंतनुही गेला, कारण त्याला कुणी थांब म्हणालं नव्हतं.

श्रीरंगराव एक एक दांडी उचलून हातावर तोलू लागले. पितळ. पितळ. पितळ. नववी दांडी पिसासारखी वर आली. त्यांनी तिच्या तोंडाच्या कडेला भिंग लावलं. आत तांदळाच्या दाण्याएवढा आकडा कोरलेला होता. चार.

तिला एक चिठ्ठी बांधलेली होती, नापास मालाला बांधतात तशीच छापील. नळी क्रमांक भरलेला होता. तारीख होती. वेणुगोपालची सही होती. 'कारण' या शब्दापुढचा रकाना कोरा होता.

"मी लपवली नाही, सार," मागून वेणुगोपाल म्हणाला. "जिथं ठेवायची तिथं ठेवली."

"यंत्रानं पास केली होती ती," मेघाश्री म्हणाली.

"यंत्र वरचं बघतं, अम्मा. मी खालचं बघितलं होतं. तीन दिवस जेवण गेलं नाही. ही नळी उद्या भट्टीत उभी राहील, आणि मुंबईचे लोक आमच्या कवचावर विश्वास ठेवून निर्धास्त बसतील. ते मला जमणार नव्हतं."

"मग कारण का नाही लिहिलंस?" श्रीरंगरावांनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं, पण तपासनिसानं विचारायचं असतं.

वेणुगोपालनं आता प्रथमच वर पाहिलं.

"ज्यांनी मला सोळा वेळा नापास करून माणूस केलं, त्यांचं नाव मी त्या रकान्यात लिहू? त्यापेक्षा चोर म्हणवून घेईन."

श्रीरंगरावांनी हात पुढे केला. नरसिंगरावांना वाटलं पाठीवर थाप मारतील, म्हणून ते थोडे बाजूला झाले. पण श्रीरंगराव पेन मागत होते. सुनीलकुमारनं दिलं. चिठ्ठी रॅकवर टेकवून त्यांनी कोऱ्या रकान्यात, चौतीस वर्षांच्या सवयीच्या सरळ अक्षरात लिहिलं: 'तपासनिसाचा अंगठा, हळदीसह.' खाली सही केली. मग पूर्ण नाव लिहिलं. मग, कुणाला शंका नको म्हणून, 'निवृत्त' असंही लिहिलं.

"आता पास," ते वेणुगोपालला म्हणाले. "चिठ्ठी पास. नळी नापासच."

शंतनुनं चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. त्यानं याआधी पाहिलेल्या सगळ्या कारखान्यांत यंत्रानं नापास केलेला माल पास करून घ्यायची धडपड चालत असे. यंत्रानं पास केलेला माल नापास करण्यासाठी चोरीचा आळ पत्करणारा कारखाना त्याला माहीत नव्हता. तो एवढंच म्हणाला की चौथी नळीही तो नेणार, चिठ्ठीसकट, आणि तिचीही सगळ्यांसारखीच परीक्षा होईल. सात न्यायच्या होत्या, सातच परत चालल्या होत्या.

दिवाळीनंतर पत्र आलं. वाफेच्या कढईत महिनाभर ठेवल्यावर सहा नळ्यांच्या कवचाला काही झालं नव्हतं. पुढच्या शंभर नळ्या पाठवत आहोत. चार नंबरच्या नळीचं कवच सगळीकडे उत्तम होतं, फक्त तोंडापासून चार बोटांवर एक फोड आला होता. सोबत खऱ्या मापाचा फोटो जोडला होता. श्रीरंगरावांनी तो भिंगाखाली धरला, मग त्यावर आपला अंगठा टेकवून पाहिला. तंतोतंत बसला.

"चौतीस वर्षांत माझा निकाल एकदाही चुकला नाही," ते म्हणाले. "हाही नाही."

सुनीलकुमारला बनशंकरीच्या नोकरीचं बोलावणं मागाहून आलं, ते त्यानं नाकारलं. टॉवेल-रॉड तर काय, कुठंही होतात, असं तो म्हणाला. पत्रासोबत परत आलेली चिठ्ठी काचेत बसवून राघवेंद्र स्वामींच्या तसबिरीशेजारी लागली. किल्ली अजून तिथंच मागे असते आणि ते गुपितच आहे.

पुढच्या आयुधपूजेला तबक पुन्हा श्रीरंगरावांच्या हाती दिलं, तेव्हा त्यांनी आधी वेणुगोपालपुढे दोन्ही हात केले. वेणुगोपालनं एप्रनच्या खिशातून सुती हातमोजे काढून ते त्यांच्या हातांत चढवले आणि बोटं नीट बसलीत का ते तपासलं. मग श्रीरंगराव हौदाकडे ढुंकूनही न बघता मागच्या भिंतीकडे गेले, आणि त्या वर्षीची पहिली हळद नापास रॅकला लागली.